हंबीररावांची पायगुणाची जीप

मी आमदार हंबीररावांची जीप बोलतेय. हो, तीच ती, चार निवडणुका जिंकलेली. म्हणजे लोक तसं म्हणतात. नारळ आणला असाल तर बाजूला ठेवा, आणि कुंकू लावायचंच असेल तर काचेवर लावू नका. पुढचं दिसेनासं झालं की मला धडधडतं. आता मी जागची हलत नाही, तरी ती सवय काही गेलेली नाही.

माझा स्वभाव पहिल्यापासून घाबरट. लष्करातली गाडी आणि घाबरट कशी, असं तुम्हाला वाटेल. पण भीती मी लष्करातच शिकले. साता समुद्रापलीकडं कुठंतरी माझे भाग जोडले गेले, जहाजातून मला इकडं आणलं, आणि ज्या वाटेवर माणूस पाय टाकायला कचरेल त्या वाटेवर मला पुढं घातलं. लढाई संपल्यावर एका मैदानात माझ्यासारख्याच कितीतरी गाड्यांच्या रांगेत मला उभं करून सगळे विसरून गेले. माझ्या चाकांतून गवत वर आलं. पुढं लिलाव झाला आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजवाल्यानं मला ओढत आणलं.

तिथं मला दिलदार भेटला. टांगेवाल्याचा मुलगा, पंचविशीचा, कमी बोलणारा. बाकीचे मेकॅनिक आधी पाना हातात घ्यायचे. दिलदारनं आधी माझ्या बॉनेटला कान लावला आणि इंजिन चालू करायला सांगितलं.

"भ्याल्याली हाय ही," तो गॅरेजवाल्याला म्हणाला. "एकाच्याच हातात ऱ्हाऊ द्या हिला. चार हात लागलं की बिथरंल."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला नीट ओळखलं होतं. माझं स्टिअरिंग डाव्या बाजूला. इथल्या सगळ्या गाड्यांचं उजवीकडं असतं, त्यामुळं पहिल्यांदा बसणारा माणूस हटकून चुकीच्या बाजूनं चढतो. दिलदार एकदाही चुकला नाही.

आता हंबीररावांचं सांगते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. उंच माणूस, भरघोस मिशा, आणि आवाज असा की सभेत भोंगा बंद पडला तरी मागच्या रांगेला ऐकू जायचं. आमचा मतदारसंघ कोल्हापूरच्या पश्चिमेला, गगनबावड्याच्या डोंगरापर्यंत पसरलेला. बासष्ट साली आबा पहिल्यांदा उभे राहिले ते सायकलवरून. अर्धी गावं फिरून होतायत तोवर प्रचार संपला. पडले, पण थोडक्यात पडले. घरी आल्यावर म्हणाले, "मी पडलो न्हाई, मी पोचलो न्हाई." मग पुढच्या निवडणुकीच्या आधी त्यांनी मला विकत घेतलं, आणि माझ्याबरोबर दिलदारलाही गॅरेजातून उचललं.

सदुसष्टचा तो प्रचार! दिलदार डावीकडं, आबा उजवीकडं, आणि मागं जोतीराम. जोतीराम म्हणजे आबांचा सावलीसारखा कार्यकर्ता. मनानं वाईट नव्हता, पण त्याला गप्प बसणं माहीत नव्हतं. एका हातानं माझी ताडपत्री धरायची, दुसऱ्या हातात भोंग्याचा माईक, आणि वाटेत म्हैस दिसली तरी तिला मत मागायचं.

आमच्या मतदारसंघाचं शेवटचं टोक म्हणजे कारवीची वाडी. डोंगराच्या पोटात वीस-पंचवीस घरं. वाडीला जायला रस्ता नव्हताच. जांभ्या दगडाची एक घसरडी चढण, मध्ये एक अरुंद खिंड, खिंडीच्या दोन्ही अंगांना उभे दगड. पहिल्यांदा ती चढण समोर आली तशी मी अडले. दिलदार हळूच म्हणत होता, "चल, चल, मी हाय की." मी गेले.

वाडीत तानाबाई नावाची बाई पुढं आली. काष्टा घट्ट, बोलणं त्याहून घट्ट. आबांनी हात जोडले तर ती त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघत राहिली.

"ही बरी चढली," ती म्हणाली. "आमचं आजारी माणूस घोंगड्यात घालून खाली न्यावं लागतंय. निम्म्या वाटंत जीव जातोय. आमदार व्हा न्हाईतर नका होऊ, रस्ता करतासा काय ते सांगा."

"करतो. शब्द देतो," आबा म्हणाले. त्यांनी तो मनापासून दिला. आबांचं तेच होतं. ते खोटं बोलत नव्हते, पण मनापासून दिलेले शब्द त्यांच्याकडं फार साठले होते.

आबा निवडून आले. मिरवणुकीत माझ्यावर एवढा गुलाल उधळला की माझा रंग कधी हिरवा होता हेच लोक विसरले. तेव्हाच जोतीराम माझ्या बॉनेटवर चढून ओरडला, "सायकलवर पडलो, जीपवर आलो! गाडीचा पायगुण हाय, गाडीचा!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला तेव्हाच धस्स झालं. मनात आलं, आज माझ्यामुळं आले म्हणतायत, उद्या पडले तर?

बहात्तरला आबा पुन्हा आले, आधीपेक्षा जास्त मतांनी. काही महिने उपमंत्रीही झाले. मुंबईला अधिवेशनाला गेले की मी दारात उभी असायचे आणि दिलदार मला पुसत बसायचा. आबांनी कामं केली, उगाच नाव ठेवणार नाही. दोन हायस्कुलं आणली, एक पाझर तलाव केला, दवाखाना बांधला. कारवीच्या वाडीचा रस्ता मात्र कधी वनखात्यात अडला, कधी मंजूर होऊन दुसरीकडं वळला. वीस-पंचवीस घरांसाठी कोण भांडत बसणार? आबा विसरले नव्हते. दर वेळी मान हलवून म्हणायचे, "पुढच्या खेपंला बघू."

अठ्ठ्याहत्तरला आबांनी नवीकोरी अँबॅसिडर घेतली. उपमंत्री झालेला माणूस जीपमधून हादरे खात हिंडतो हे बरं दिसत नाही, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं. मी अंगणात उभी राहिले. खरं सांगते, मला बरं वाटलं. वाटलं, सुटले एकदाची.

आबा पडले.

त्या दिवशी अंगणात कुणी चहा प्यालं नाही. जोतीराम माझ्यापाशी आला, माझ्या मडगार्डवर कपाळ टेकवून रडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिला टाकली आणि घात झाला." दुसऱ्या दिवशी सगळ्या तालुक्यात तेच झालं. आबा पडले कारण जीप टाकली.

खरं कारण मला माहीत आहे. पुढच्या आठवड्यात तानाबाई बाजाराला कोल्हापुरात आली होती, ती फाटकाशी थांबली. दिलदारला म्हणाली, "तुमची ती म्हशीवानी मोटार खिंडीपतोर बी आली न्हाई. आबा खालच्या फाट्यावरनंच हात हलवून गेलं. आमी वर वाट बघत बसलतो. वरच्या साऱ्या वाड्यांनी ठरवलं, जो वर येत न्हाई त्याला मत न्हाई."

दिलदार तडक आत गेला. "आबा, पायगुण न्हाई. मोटार वर चढली न्हाई म्हणून मतं गेली. रस्ता पायजे तिकडं."

आबांनी मान वर केली. मला वाटलं, आता ऐकतील. पण तेवढ्यात जोतीराम म्हणाला, "तेच म्हणतोय की मी बी! जीप न्हवती म्हणून!" आणि खोलीतले सगळे हो हो म्हणाले. रस्ता न केल्याची चूक माझ्या नसण्यावर गेली आणि आबांनाही ते सोयीचं पडलं. रस्ता करण्यापेक्षा जीप काढणं सोपं होतं.

ऐंशीला पुन्हा मी. मी वर चढले, वाड्यांनी मतं दिली, आबा निवडून आले. झालं! आता तर कुणाला शंकाच उरली नाही. बायका मला ओवाळायला लागल्या. नव्या सुना माझ्या चाकाला पाणी घालायला लागल्या. दुसऱ्या तालुक्यातले उमेदवार येऊन माझ्या सीटवर नुसते बसून जायचे. आणि मी आतून खिळखिळी होत चालले होते, ते एकट्या दिलदारला ठाऊक होतं.

पंच्याऐंशीच्या निवडणुकीपर्यंत माझ्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, दोन ठिकाणी वेल्डिंग झालं होतं आणि तिसरी चीर वाढत होती. ब्रेक कधी लागायचे, कधी पेडल दोन-तीनदा दाबावं लागायचं. दिलदारनं आबांना सांगितलं, तेही सगळ्यांसमोर.

"आबा, हिला आता घाटात घालू नका. सपाटीला चालंल, उतरणीला भरवसा न्हाई."

"गाडी न्हाई दिसली तर विरोधक काय म्हणतील ठावं हाय का?" जोतीराम उसळला. "आबांनी पायगुण सोडला म्हणतील! निम्मी मतं तिथंच जातील!"

आबा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "एवढी एक निवडणूक, दिलदार. मग हिला सुट्टी."

दिलदार नाही म्हणू शकला असता. तो नाही का म्हणाला नाही, ते त्यानं फक्त मला सांगितलं. चाकाखाली वाकून ब्रेकचा पाइप तपासत होता, तेव्हा पुटपुटला, "मी उतरलो तर दुसरा कोणतरी बसंल. त्याला तुझं काय म्हाईत?" मला रडता येत असतं तर तेव्हा रडले असते.

त्या प्रचारात प्रत्येक उतारावर माझा जीव टांगणीला लागायचा. मागं जोतीराम माईकवर ओरडतोय, बाजूला आबा हात जोडतायत, आणि मी फक्त दिलदारच्या डाव्या पायाकडं आणि उजव्या पायाकडं लक्ष ठेवून. पेडल पुरतं खाली गेलं नाही की मी सुटकेचा श्वास टाकायचे. असं करत प्रचाराचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी कारवीची वाडी.

वर सभा झाली. तानाबाई आता म्हातारी झाली होती. ती याही वेळी माझ्याकडंच बघत राहिली. दुपारी आम्ही उतरायला लागलो. जोतीराम वाडीतच थांबला होता, पोलिंग एजंटांना समजावत. गाडीत आबा आणि दिलदार दोघंच.

खिंडीच्या अलीकडं दिलदारनं ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला टेकलं. पुन्हा दाबला. काही नाही. पाइप फुटला होता. तेल माझ्या पोटाखालून वाटेवर सांडत होतं, ते मला कळत होतं.

"आबा, पाय वर घ्या. दांडी धरा," दिलदार म्हणाला. आवाज चढला नाही. त्यानं गिअर खाली पाडले, हँडब्रेक ओढला, पण मी थांबेना. खिंड संपली की पुढं वळण आणि वळणाखाली दरी. थांबायचं तर खिंडीतच, दगडाला घासून. डावीकडं दगड, उजवीकडंही दगड.

इथं नीट ऐका, कारण हे मी सोडून दोघांनाच माहीत होतं. चालकाचे हात अशा वेळी आपोआप स्वतःला वाचवतात. मी लष्करात हे पाहिलंय, चांगली चांगली माणसं पाहिलीत. दिलदार डावीकडं बसला होता. उजवीकडं वळवलं असतं तर दगड आबांच्या बाजूला आला असता. त्याचे हात क्षणभर उजवीकडं गेले. मग त्यानं ते ओढून डावीकडं फिरवले, स्वतःच्या अंगावर.

मी थांबले. आबांच्या कपाळाला खरचटलं होतं. दिलदारचा पाय माझ्या चेपलेल्या पत्र्यात आणि दगडाच्या मध्ये होता.

आवाज ऐकून वाडी धावत आली. पहारीनं पत्रा वाकवून त्यांनी दिलदारला बाहेर काढलं. तानाबाईनं अंगावरचं घोंगडं काढलं, दोन बांबूंना बांधलं, आणि चौघांनी त्याला खांद्यावर घेतलं. आबा मागून चालायला लागले. सदुसष्टपासून ज्या वाटेचा शब्द दिला होता, ती वाट ते त्या दिवशी पहिल्यांदा पायांनी चालले. तानाबाई त्यांच्याकडं वळून म्हणाली, "बघा, किती लांब हाय ते."  मी तिथंच दगडाला टेकून उभी राहिले आणि ते सगळे वळणाआड गेले.

दिलदारचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

आबा निवडून आले, चारही विजयांत सर्वांत जास्त मतांनी. कारण जोतीरामनं मतदानाच्या आत गावोगाव गोष्ट पोचवली होती. "गाडीनं सोताचं तोंड फोडून घेतलं, पर आबास्नी वरखडा येऊ दिला न्हाई!" मला एका ट्रकवर चढवून कोल्हापुरात मिरवलं. माझा फुटका दिवा, चेपलेलं मडगार्ड, सगळ्यांवर झेंडूच्या माळा. आबा माईकवर म्हणाले, "माझ्या ह्या लक्ष्मीनं मला वाचवलं." मी वाट बघत होते की पुढच्या वाक्यात नाव येईल. पुढच्या वाक्यात त्यांनी मतदारांचे आभार मानले.

काही दिवसांनी दिलदारची बायको मेहमुदा अंगणात आली. माझ्या सीटखालची दिलदारची हत्यारांची पेटी न्यायला. जोतीराम तिला चहा घ्या म्हणत होता. ती उभ्या उभ्या म्हणाली, "मिरवणूक दवाखान्याखालनं गेली, भाऊ. ह्यांनी खिडकी उघडायला लावली मला. आबा काय बोलत्यात ते ऐकायचं म्हणून. भोंगा लांब जाईपतोर ऐकत हुते." पेटी उचलून ती गेली. जोतीराम कितीतरी वेळ गप्प होता. त्याला गप्प बसलेलं मी तेव्हाच पाहिलं.

आबांनी दिलदारला वाऱ्यावर सोडलं नाही. राजारामपुरीत त्याला पंक्चरचं छोटं दुकान काढून दिलं. वाडीच्या रस्त्यावर खडीही पडली. पण त्या खिंडीबद्दल ते कुठंच बोलले नाहीत, आणि अंगणात आले की माझ्याकडं बघायचं टाळायचे.

आता पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक आहे, नव्वदची. आबा थकले. या खेपेला त्यांच्या जागी त्यांचे थोरले पुतणे उभे राहणार. पुतणे शिकलेले, गॉगल घालणारे. त्यांनी ठरवलं की प्रचार जीपमधूनच करायचा आणि जीप स्वतः चालवायची. मला पुन्हा गॅरेजात नेलं. नवा पत्रा, नवे ब्रेक, झगझगीत हिरवा रंग. चासीची चीर रंगाखाली गेली. ती कुणी पाहिलीच नाही. त्या दिवसांत मला नुसतं चालू केलं तरी माझं अंग थरथरायचं, आणि पुतणे म्हणायचे, इंजिन काय जोरात आहे!

दसऱ्याला पूजा करून मला बाहेर काढायचं ठरलं. अंगण भरलं होतं. आबांना खुर्चीवर आणून बसवलं होतं. पुतण्यांच्या कपाळाला गंध लागलं, जोतीरामनं नारळ हातात घेतला, आणि तेवढ्यात फाटकातून दिलदार आला. काखेत कुबडी. मागं मेहमुदा, तिच्या हातात ती पेटी.

तो कुणाशी बोलला नाही. माझ्या डाव्या बाजूला आला, कुबडी मडगार्डला टेकवली, आणि सीटवर चढून बसला. बॉनेटला कान लावायची त्याची जुनी सवय, पण आता एका पायावर वाकता येत नव्हतं, म्हणून स्टिअरिंगवर तळहात ठेवला. मग मेहमुदाकडून पाना घेतला आणि स्टिअरिंगचा नट सैल करायला लागला.

"ए दिलदार! काय करालाईस?" जोतीराम ओरडला.

"चासी तुटल्याली हाय हिची. रंगाखाली बघा. हिच्यात बसलेला माणूस परत येणार न्हाई."

"काका, ह्यांना खाली उतरवा," पुतणे म्हणाले. "गाडीनं तुम्हाला वाचवलं, ती मला काय करणार आहे?"

दिलदारचा हात थांबला. तो आबांकडं बघत राहिला. सगळं अंगण बघत होतं. मी आबांच्या मानेकडं बघत होते, कारण त्यांनी नुसती मान हलवली असती तरी दोघं-तिघं पुढं होऊन त्याला उचलून खाली ठेवणार होते.

आबा खुर्चीचा हात धरून उठले. तो भोंग्याशिवाय चालणारा आवाज आता बसला होता, पण ऐकू आला.

"गाडीनं न्हाई वाचवलं मला. खिंडीत ह्यानं स्टिअरिंग सोताच्या अंगावर ओढलं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. आज चार वर्सं झाली, मी बोललो न्हाई." ते थांबले. "काढ, दिलदार. घिऊन जा घरी."

"आणि प्रचार?" पुतण्यांनी विचारलं.

"कारवीच्या वाडीला चालत जायचं," आबा म्हणाले. "तुझ्या पायांनी."

नट निघाला. दिलदारनं स्टिअरिंग उचलून मेहमुदाच्या हातात दिलं. जोतीरामच्या हातातला नारळ तसाच राहिला. आबा चालत पुढं आले, दिलदारला उतरायला त्यांनी स्वतः खांदा दिला, आणि फाटकापर्यंत दोघं तसेच गेले.

आता मी अंगणाच्या कोपऱ्यात उभी आहे. सीटवर मांजरीनं पिलं घातलीत. स्टिअरिंगच्या जागी नुसती दांडी उरली आहे. तरी अजून माणसं येतात, लांबून लांबून, निवडणुकीला उभं राहायचं म्हणून मला हात लावायला येतात. बाबांनो, हात जोडून सांगते, मी कधी एकही निवडणूक जिंकली नाही आणि कुणालाही वाचवलं नाही. मी आयुष्यभर फक्त भीत होते. हात दिलदारचे होते.